पाच मिनिटं उठता का

जेवत्या माणसाला पानावरून उठवू नये. दुश्मन असला तरी न्हाई. भांडायचंच असंल तर त्याला आधी हात धुऊ द्यावा, मंग खुशाल भांडावं. ही रीत आमच्याकडं कुण्या पोथीत लिहिलेली न्हाई, पण शेंबड्या लेकराला बी ठाऊक असते. आमच्या जावयाला तेवढी ठाऊक न्हवती. लई शिकलेत ना ते.

मी उषा. परतूरला मोंढ्याच्या मागं जाऊन वसंता टेलर कुठं बसतात म्हणून कुणाला बी विचारा, दुकानापर्यंत आणून सोडतील. त्या वसंता टेलरची मी बायको. मालक माझे फार गरीब स्वभावाचे. गिऱ्हाइकानं स्वतः वाढवलेल्या पोटानं पँट उसवली तरी हे म्हणणार, चूक माझीच असंल, ठेवून जा. त्यांच्या वाट्याचा राग देवानं माझ्यात भरला. दोघांचा मिळून हिशेब बराबर होतो.

आमची एकुलती एक लेक भावना. दोन वर्षांखाली तिला जालन्याला दिली. जावई ऋषी, बियाण्याच्या कंपनीत एरिया मॅनेजर. गाडी आहे, फ्लॅट आहे, बोलायला गोड. लग्नात सगळे म्हणले, उषे, नशीब काढलं पोरीनं. मला बी तसंच वाटलं. दिसायला जावई राजबिंडा, जरा पोट सुटलेलं, पण ते खात्यापित्या घरचं म्हणून आम्ही कौतुकच केलं.

तर यंदा चैत्रात जावयाचा वाढदिवस आला. स्वतः फोन केला त्यांनी. "मामी, तुम्ही आणि मामा यायचंच. मोठ्या हॉटेलात डिनर ठेवलंय. घरचीच माणसं." घरचीच माणसं म्हणल्यावर मालकाला जो आनंद झाला म्हणता! हातातली कापडं बाजूला टाकून त्यांनी जावयासाठी शर्ट शिवायला घेतला. मोरपंखी रंगाचं कापड, भारीतलं. भावनाला गुपचूप फोन करून माप विचारलं. काजं हातानं केली. कॉलर तीनदा उसवून परत लावली. मी म्हणलं, अहो, गिऱ्हाइकं बोंबलून राह्यलीत. तर म्हणे, गिऱ्हाइकं रोजची, जावयाचा वाढदिवस वर्साचा.

दुपारच्या गाडीनं आम्ही जालन्याला गेलो. हॉटेल बायपासला. आत इतका गारठा की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. लांबलचक टेबल, पांढरी चादर, काचेच्या पेल्यात फुलासारखे दुमडलेले रुमाल. जावयानं वाकून नमस्कार केला, मालकाला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. भावना त्यांच्या पलीकडं, तिच्यासमोर मी. बाकी जावयाचे दोन-चार मित्र न् त्यांच्या बायका. मालकानं शर्टाची पिशवी मांडीवर ठेवली. केक कापताना देतो म्हणले.

जेवण आलं. मालकानं रोटीचा तुकडा मोडला, पनीरच्या रश्शात बुडवला न् माझ्याकडं बघून हसले. दुपारपास्नं त्यांच्या पोटात काही न्हवतं. गाडीत मी दशम्या काढल्या तर नको म्हणले होते, "जावयाकडं भूक घेऊन जावं उषे, भरल्या पोटानं गेलं तर त्यांना वाईट वाटतं." असा माणूस.

तेवढ्यात दारातून जावयाचे साहेब आले. बरोबर बायको. यायचं पक्कं न्हवतं म्हणे, पण आले. जावई असे उठले की खुर्चीच मागं सरकून पडली. "सर, या सर, मॅडम, या!" टेबलावर जागा न्हवती. जावयानं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. आपल्या मित्रांकडं बघितलं, त्यांच्या बायकांकडं बघितलं. मंग मालकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मामा, पाच मिनिटं उठता का? साहेब बसतील. प्रोटोकॉल असतो."

मालकाच्या हातात घास होता. तोंडाजवळ नेलेला. तो ताटात ठेवावा की खावा हे त्यांना समजंना. तसाच हातात धरून ते उठले. रस्सा बोटांवरून शर्टाच्या बाहीत गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून उभी राह्यले, तर जावई म्हणले, "हां मामी, तुम्ही पण मामांसोबत बसा, मॅडम तुमच्या जागेवर बसतील." म्हंजी मी रागानं उठले, तर ते बी त्यांच्या सोयीचं झालं!

वेटरनं आम्हाला कोपऱ्यात नेलं. तिथं हात धुवायचं बेसिन, त्याला लागून दोन खुर्च्यांचं टेबल. वेटरला मी म्हणलं, बाबा, आमचं ताट? तर तो म्हणला, "आजी, ऑर्डर मोठ्या टेबलावरूनच येईल. तिकडून सांगितलं की आणतो." तिकडून कुणी सांगितलं न्हाई. लोक येत, बेसिनवर खाकरत, चुळा भरत, हात झटकत. शिंतोडे आमच्या अंगावर. मालक पिशवी छातीशी धरून बसलेले, शर्ट भिजू नये म्हणून.

मी म्हणलं, "चला, उठा. इथं एक मिनिट थांबायचं न्हाई. पण जाताना त्याला चार शब्द सुनावते."

मालकानं माझा हात धरला. "उषे, आपली पोरगी त्या घरात आहे."

मी पोरीकडं बघितलं. भावना साहेबाच्या बायकोच्या पेल्यात पाणी ओतत होती. मान खाली. एकदा, फक्त एकदा तिनं वळून बघावं म्हणून मी बघत राह्यले. तिनं बघितलं न्हाई. केक कापला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. साहेबाला घास भरवला, साहेबाच्या बायकोला भरवला. बापाची खुर्ची तिच्या डोळ्यासमोर गेली न् ही पाणी वाढत होती! जावयाचं सोडा, ते परक्याचं पोर. पण पोटच्या गोळ्यानं बापाकडं पाठ करावी, हे माझ्या काळजात जाऊन बसलं. मला वाटलं, संपलं. पोरगी त्यांची झाली. आपली राह्यली न्हाई.

निघायच्या टायमाला जावई दारापर्यंत आले, दातात काडी घालून. "जेवलात ना मामा?"

मालक म्हणले, "पोटभर."

स्टेशनवर मालकानं चहात बुडवून बिस्किटं खाल्ली. मी काही खाल्लं न्हाई. माझं पोट रागानंच भरल्तं. शर्टाची पिशवी तशीच परत आली. द्यायचा मोकाच आला न्हाई न् घेणाऱ्यानं विचारलं बी न्हाई.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट घोकत होते. ह्याचं उट्टं काढायचं. कसं, ते ठाऊक न्हवतं. भांडी घासताना, काजं करताना, देवाला दिवा लावताना बी मी जावयाला मनातल्या मनात उठवत होते. कधी पंगतीतून, कधी गाडीतून, एकदा तर सपनात घोड्यावरून खाली ओढलं. पण जावयाला बोलायचं म्हंजी सोपं आहे का? पोरगी दिली की माणसाची मान खाली जाते. त्यानं थुंकलं तरी आपण म्हणायचं, पाऊस आला. मालक म्हणायचे, "सोड गं. विसरले असतील ते." मी म्हणायचे, "ते विसरले म्हणूनच मी विसरणार न्हाई."

मंग आला धोंड्याचा महिना.

तीन वर्सांनी येतो हा अधिक महिना. आमच्याकडं ह्यात जावयाला लेकीसकट घरी बोलावतात, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात, अनारशाचं वाण देतात. जावई म्हंजी नारायण, लेक म्हंजी लक्ष्मी. त्यांना पाटावर बसवायचं, रांगोळी काढायची, समई लावायची न् सासऱ्यानं परातीत जावयाचे पाय धुवायचे. रीतच आहे. न् आमच्या जावयाचा तर लग्नानंतरचा हा पहिला धोंडा. टाळायचा म्हणलं तरी टाळता येत न्हाई, लोक शेण घालतील तोंडात.

भावनाचा फोन आला. "आई, रविवारी येतो आम्ही. हे म्हणून राह्यलेत, पाय धुतानाचा व्हिडिओ काढायचा. साहेबांच्या ग्रुपवर टाकायचाय. दादांना धोतर नेसायला सांग म्हणे, व्हिडिओत चांगलं दिसतं."

बापाला दादा म्हणते ती. ज्या माणसानं बापाला हातातल्या घासासकट उठवलं, त्याचे पाय बाप धुणार, न् ते साहेबाच्या ग्रुपवर जाणार! मी कसंबसं विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

 मंग म्हणली, "मला काय वाटायचं आई. तू काय ते बघ." न् ठेवला फोन.

मालकाला सांगितलं तर ते म्हणले, "धुतो की. रीत आहे." एवढंच. मान वर केली न्हाई. मशीनवर तो मोरपंखी शर्ट घेऊन बसल्ते, ब्लेडनं एकेक टाका उसवून राह्यलेले. मी म्हणलं, "ह्याचं काय आता?" तर म्हणले, "माप बदलायचंय जरा." मी कपाळावर हात मारून घेतला. एवढं होऊन हे त्या माणसाला शर्ट अजून नीट बसवून देऊन राह्यलेत! पण त्याच टायमाला मी ठरवलं. काय बी होऊ दे, आकाश कोसळू दे, ह्या माणसाचा हात त्या माणसाच्या पायाला लागू द्यायचा न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तीर्थपुरीला गेले. तिथं माझी माय, सोनूबाई, माझ्या भावाकडं, कल्याणकडं राहते. ऐंशीच्या पुढं गेली, दात सगळे गेले, पण मिसरी सुटली न्हाई न् जिभेची धार बी गेली न्हाई. ती ओट्यावर बसून मिसरी घासून राह्यल्ती. मी पायाशी बसले न् सगळं सांगितलं. साहेब, खुर्ची, बेसिन, सगळं.

मायनं मिसरी थुंकली. "पानावरून उठवलं?"

"हो."

"घास हातात असताना?"

"हो माय."

"आगं, आमच्या काळी वैऱ्याघरी लगीन असलं न् चुकून पंगतीत बसलं, तरी वैरी वाढायचा. वर आग्रह करायचा. उठवायचा न्हाई."  मंग तिचं तोंड एकदम पडलं. "उषे, मला एक लागून राह्यलंय बघ. वसंतरावांना मी कधी धोंडे घातलेच न्हाईत."

खरं होतं ते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला माझे वडील वारल्ते, घरात सुतक. पुढच्या धोंड्याला मालक स्वतःच मायला म्हणले, तुमच्या मागं लेकरांचा व्याप, मी काय पाव्हणा आहे का, राहू द्या. ते राह्यलं ते राह्यलंच. ज्या माणसाला जगानं कधी मानाच्या पाटावर बसवलं न्हाई, त्याला जावयानं खुर्चीवरून बी उठवलं!

न् तिथंच, मायच्या ओट्यावर, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"माय," मी म्हणलं, "रविवारी चल माझ्याकडं. घाल तुझ्या जावयाला धोंडे."

"आगं, लेकीच्या घरी? धोंडे माहेरात घालायचे असतात."

"तू बसशील तिथं माझं माहेर."

मायनं माझ्याकडं बघितलं. म्हातारी असली तरी ती माझी माय आहे, माझं डोकं तिच्याच डोक्यातून निघालंय. तिनं विचारलं, "त्या दिवशी तुझा जावई बी येणार?"

"येणार."

"मंग थोरला जावई कोण म्हणायचा? माझा का तुझा?"

आम्ही दोघी ज्या हसलो म्हणता! कल्याणची बायको आतून बघायला आली, काय झालं म्हणून.

घरी आले न् मालकाला एवढंच सांगितलं, रविवारी माय येऊन राह्यली, तुम्हाला धोंडे घालायला. लाजले ते. ह्या वयात काय, म्हणले. मंग म्हणले, "दोन पाट मांड म्हंजी." मी हो म्हणलं न् शनिवारी दुसरा पाट शेजारणीकडं ठेवून आले.

रविवार उगवला तोच तापलेला. कूलरमध्ये पाणी ओतून ओतून हात दुखले. मायनं पहाटेच पुरण शिजवायला लावलं, न् माझ्या हातून एक बी धोंडा फुटू दिला न्हाई. अनारसे तांब्याच्या ताटात रचले. बैठकीत मी मधोमध एकच पाट मांडला, भोवती महिरप काढली, समई लावली, परात मांडली, तांब्या भरून ठेवला. ताट वाढलं. कुरडई, पापड, भजे, कटाची आमटी, वाफेवरचे धोंडे न् वर तुपाची धार.

जावई आले गाडीतून. पांढरा शुभ्र कुर्ता, डोळ्यावर काळा चष्मा. "मामी, काय सुगंध सुटलाय!" मागं भावना. वाळल्यासारखी वाटली मला. पण मी तिच्याशी नीट बोलले न्हाई. पाणी दिलं न् बाजूला झाले. राग होताच माझा.

जावई आल्याआल्या पाटावर जाऊन बसले. कुणी बसा म्हणायची वाट बघितली न्हाई. पाय लांब करून परातीत ठेवले. "मामा कुठंयत? भावना, इकडून घे, समई पण आली पाहिजे. ताट दिसतंय ना? चालू कर."

भावनानं मोबाइल धरला. मालक अजून आतल्या खोलीत होते. मी म्हणलं, येतीलच, कपडे करून राह्यलेत. जावयाला भूक लागल्ती. कोरड्या परातीत पाय, समोर वाफा निघणारे धोंडे. थांबतील किती? त्यांनी एक धोंडा मोडला, तुपात बुडवला.

मी ह्याचीच वाट बघत होते. घास वर गेला, तोंडाजवळ गेला, तशी मी पुढं झाले न् त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू," मी म्हणलं, "पाच मिनिटं उठता का?"

ते माझ्याकडं बघतच राह्यले. "काय?"

"थोरले जावई बसायचेत. मानाचा पाट एकच आहे."

"कोण थोरले जावई?"

आतून माय बाहेर आली, भिंतीला धरून. "माझे," म्हणली. "माझ्या जावयाला धोंडे घालायचे राह्यल्ते, बापू. तुम्ही काय, लहान आहात. तुमचं मागून बी होईल."

"मामी, मी जेवायला बसलोय," जावई म्हणले. आवाज चढला होता.

"बसलात ना," मी म्हणलं. "पण मोठं माणूस आलं की बसल्या माणसानं उठायचं असतं. आम्हाला कुठं ठाऊक होतं हे? तुम्हीच शिकवलं."

तेव्हा त्यांना समजलं. तोंडावरून समजलं मला. चैत्रापास्नं मी ज्या गोष्टीची वाट बघत होते ती हीच. त्यांना आठवावं. नुसतं आठवावं.

तेवढ्यात मालक आतल्या दारात आले. न् मी बघतच राह्यले. अंगात मोरपंखी शर्ट! बाजूनं आत घेतलेला, बाह्या तोकड्या केलेल्या, खांद्याला असा बसलेला की जणू पहिल्यापास्नं त्यांच्याचसाठी शिवला. माप बदललं होतं ते हे. इतके दिवस माझ्यासमोर मशीनवर बसून ह्या माणसानं टाकाटाका उसवून तो शर्ट जावयाच्या अंगावरून आपल्या अंगावर आणला, न् मला, सख्ख्या बायकोला, वास लागू दिला न्हाई!

पण शर्ट वेगळा न् स्वभाव वेगळा. मालक दारातच थांबले. जावयाच्या हातातला घास त्यांनी बघितला.  आता म्हणतील, बसा बसा, मी नंतर बसतो. इतकी वर्सं हेच म्हणत आलेत. म्हणले की माझं सगळं पाण्यात.

मालक काही म्हणले न्हाईत. चालत पाटाजवळ आले न् उभे राह्यले. नुसते उभे. माणूस उठायची वाट बघत.

जावई उठले. परातीतून पाय काढताना परात वाजली. घास तसाच हातात, तूप मनगटावरून कुर्त्याच्या बाहीत गेलं. "मी कुठं बसू मग?"

मी मोरीकडं बोट केलं. तिथं बाहेरच्या बेसिनजवळ स्टूल मांडून ठेवलं होतं, सकाळीच. "तिकडं बसा. ताट सांगून पाठवते."

जावयाचे कान लाल झाले. मोबाइल अजून त्यांच्याकडं रोखलेला. "भावना, व्हिडिओ बंद कर."

भावना हलली न्हाई.

"भावना! बंद कर म्हटलं ना!"

पोरीनं मोबाइल खाली घेतला न्हाई. आवाज बी चढवला न्हाई. म्हणली, "अहो, पाचच मिनिटं. प्रोटोकॉल असतो."

देवा! इतके दिवस जी पोरगी गेली म्हणून मी रडत होते, ती इथंच होती. तिनं सगळं ऐकल्तं. मान खाली घालून, पाणी वाढता वाढता, शब्द न् शब्द ऐकून मनात ठेवल्ता. तिनं मोबाइल अनारशाच्या ताटाला टेकवून उभा केला, चालूच, न् माझ्याकडं आली. "आई, तुपाची वाटी दे. दादांना मी वाढते."

मी तिच्या कानात म्हणलं, "घरी गेल्यावर गं?"

"घरी गेल्यावर बघू. जल्दी दे, धोंडे गार होऊन राह्यलेत."

मी उष्टं ताट उचलून दुसरं वाढलं न् मालक पाटावर बसले. माय खाली बसली, तांब्या उचलला.  एरवी मालक तिला वाकू द्यायचे न्हाईत, स्वतःच खाली लोळण घेतील. आज त्यांनी दोन्ही पाय परातीत ठेवले, सरळ. मायनं पाणी घातलं, पदरानं पुसलं. "लई दिवसांचं राहून गेल्तं बापू," म्हणली न् डोळे पुसले. मला बी रडू आलं, पण मी रडले न्हाई. मला बघायचं होतं.

न् मालक जेवले. काय जेवले! घरी दीड भाकरीवर हात धुणारा माणूस. एकेक घास सावकाश मोडायचा, तुपात बुडवायचा, चावून चावून खायचा. भावना तूप वाढून राह्यली, मी धोंडे. "अजून एक," म्हणले. मंग, "आमटी वाढ." मंग, "भजे मस्त झालेत, अजून आण." घाई बिलकुल न्हाई. तिकडं स्टुलावर जावई बसलेले, तुपाचा हात गुडघ्यावर धरून. त्यांनी घास टाकून दिल्ता का खाल्ला, मला दिसलं न्हाई. ताट सांगून पाठवते म्हणले होते मी. सांगितलं न्हाई कुणी.

सगळं झालं. मालकानं मायच्या हातचा विडा खाल्ला, ढेकर दिला न् उठले. हात धुवायला बेसिनवर गेले. जावयाच्या डोक्याजवळच नळ. मालकानं खळखळून चूळ भरली, हात धुतले, झटकले. शिंतोडे पांढऱ्या कुर्त्यावर गेले. जावयानं तोंड पुसलं, पण उठले न्हाईत. उठून जाणार कुठं?

मालकानं शर्टाची कॉलर नीट केली. वाकून, अगदी मायेनं, जावयाला विचारलं, "जेवलात ना, जावईबापू?"

जावयानं वर बघितलं. दारात भावना उभी होती, तुपाची वाटी घेऊन. तिच्यामागं मी. त्यांनी आमच्याकडं बघितलं, मालकाच्या अंगातल्या शर्टाकडं बघितलं. सांगायला तोंड कुठं होतं?

"हो मामा," ते म्हणले. "पोटभर."

मालकानं मान हलवली न् टॉवेलला हात पुसले. मी आत गेले न् धोंड्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.